ओपीडीतले घड्याळ

1952 साली नॉर्मन बेली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने कागदावर एक ओपीडी चालवून पाहिली. संगणक हाताशी नव्हता. यादृच्छिक अंकांचे छापील तक्ते, पेन्सिल आणि खऱ्याखुऱ्या बाह्यरुग्ण विभागांत घड्याळ लावून घेतलेल्या नोंदी, एवढेच भांडवल. एकेका रुग्णाच्या तपासणीला किती मिनिटे लागली, हे त्या नोंदींत होते. त्यांच्या आधारे कागदावरच्या प्रत्येक रुग्णाला तपासणीचा वेळ नेमून द्यायचा. तो आत कधी गेला, बाहेर कधी आला, मधल्या काळात डॉक्टर किती वेळ मोकळे बसले हे मांडायचे. एक सकाळ संपली की दुसरी सुरू करायची. अशा कित्येक सकाळी त्यांनी हाताने गणित करून काढल्या.

त्यातून निघालेला नियम रुग्णांच्या वेळा आखण्याच्या शास्त्रात आजही पायाभूत मानला जातो. सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्ण बोलवा आणि त्यानंतर तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेक. पहिला आला नाही तरी दुसरा हजर असतो, त्यामुळे डॉक्टर खोळंबत नाहीत. आणि शेवटच्या रुग्णाला अख्खी सकाळ बाकावर काढावी लागत नाही. डॉक्टरांचा थोडासा वेळ मोकळा गेला तरी चालेल एवढी तयारी ठेवली, तर रुग्णांचे ताटकळणे खूपच कमी होते, हे बेली यांनी आकड्यांनी दाखवले. त्याच वर्षी जे. डी. वेल्च यांच्याबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना त्यांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले. डॉक्टर वेळेवर आले नाहीत तर बाकीची सगळी आखणी फोल ठरते.

रुग्णाला वेळ नेमून देण्याचा भाग जगाने उचलला, डॉक्टरांनी वेळेवर येण्याचा बासनात बांधून ठेवला. आज रुग्णालयांकडे रुग्णाची माहिती ढिगाने आहे. वय, पत्ता, मोबाइल क्रमांक, मागच्या खेपेला आला होता की नाही, आला तर किती उशिरा. पहिला रुग्ण किती वाजता आत घेतला, ही एक ओळ मात्र बहुतेक ठिकाणी कुणी लिहीत नाही. रुग्णांच्या माहितीचा वापर करून भेटीच्या वेळा सुधारण्याची भाषा आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. मी तिच्या बाजूने आहे, अगदी मनापासून. पण सत्तर वर्षांचा हा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. मोजणी रुग्णापासून नव्हे, रुग्णालयापासून सुरू झाली पाहिजे.

बेली यांच्या आधीची परिस्थिती लक्षात घेतली तर त्यांच्या कामाचे मोल कळते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये धर्मादाय रुग्णालयात उपचार हवे असतील तर देणगीदाराची चिठ्ठी आणावी लागे. विल्यम मार्सडेन यांनी 1828 साली चिठ्ठीशिवाय उपचार देणारा दवाखाना काढला, तोच पुढे रॉयल फ्री रुग्णालय झाला. चिठ्ठी गेली, बाक राहिले. गरिबाला फुकट औषध मिळते आहे, तर त्याने बसून राहावे, त्याच्या वेळेची काय किंमत, ही समजूत इतकी मुरलेली होती की तो वेळ मोजावा असे फारसे कुणाच्या मनात आले नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे नोंदतक्ते ठेवले, ते त्या काळाच्या कितीतरी पुढचे होते. पण त्या तक्त्यांत भरती झालेले, बरे होऊन गेलेले, दगावलेले आणि किती दिवस खाट अडली याचा हिशेब होता. बाकावर बसलेला माणूस त्यात नव्हता. मुंबईत 1845 साली जे. जे. रुग्णालय उघडले आणि 1926 साली परळला केईएम, तेव्हा इमारतीबरोबर ही बाह्यरुग्ण पद्धतही आपल्याकडे आली, बाकांसकट.

दरम्यान मोजण्याची विद्या भलत्याच ठिकाणी वाढत होती. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग हे गणिती 1909 पासून कॉल किती येतात, लाइन किती लागतात याचे गणित बसवत होते. रांगेचे आजचे सगळे शास्त्र तिथून निघाले. टेलिफोनचा ग्राहक खोळंबला तर कंपनीचे नुकसान होते, म्हणून त्याचा वेळ चाळीस वर्षे आधी मोजला गेला. रुग्णाच्या वाट्याला ते गणित यायला ब्रिटनमध्ये 1948 साल उजाडावे लागले. त्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ओपीडीत येणारा माणूस आता दयेवर आलेला नव्हता, कर भरून हक्काने आलेला होता. त्याच्या वेळेला अचानक किंमत आली आणि चार वर्षांत बेली यांचा निबंध आला. हा योगायोग नाही, असे मला वाटते.

आता हे गणित आपल्या ओपीडीत करून पाहा. साठ रुग्णांना सकाळी नऊची वेळ दिली आहे. आपल्याकडे ‘नऊला या’ याचा अर्थ सगळ्यांनीच नऊला या असा असतो. प्रत्येकाला पाच मिनिटे धरली तर साठाव्या रुग्णाचा नंबर दोनला पाच मिनिटे कमी असताना लागतो, आणि डॉक्टर नऊच्या ठोक्याला हजर असूनही सरासरी रुग्ण सुमारे अडीच तास बसतो. डॉक्टर पाऊण तास उशिरा आले, तर साठ जणांचे मिळून आणखी 45 तास जातात. पाऊण तास उशीर कुणाच्या लक्षातही राहत नाही. ते 45 तास कुठल्याही वहीत चढत नाहीत. पण त्या साठांत रोजंदारी बुडवून आलेला गवंडी असतो, शेजारणीकडे मूल ठेवून आलेली बाई असते, आणि मधुमेहाचा एखादा म्हातारा असतो, ज्याला रक्त तपासायचे म्हणून उपाशीपोटी बोलावलेले असते.

डॉक्टर उशिरा का येतात, याचे उत्तरही नोंदीतच सापडेल. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत तोच निवासी डॉक्टर रात्रभर अपघात विभागात असतो, सकाळी वॉर्डातला राउंड उरकतो आणि मग ओपीडीत येऊन बसतो. राउंड लांबला की ओपीडी लांबली. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. उशिराची नोंद रोज झाली तर तीच त्याच्या बाजूने बोलेल. मंगळवारी अमुक युनिटची ओपीडी सतत तासभर उशिरा सुरू होते, कारण सोमवारची रात्र त्याच युनिटची इमर्जन्सी असते, हे कागदावर आले की वेळापत्रक बदलायला अधिष्ठात्यांना कारण मिळते.

थांबण्याच्या वेळेची उद्दिष्टे ब्रिटन आणि अमेरिकेने दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी ठरवली. ब्रिटनच्या सरकारने 1991 च्या रुग्णसनदेत सांगितले की ओपीडीतल्या रुग्णाला ठरल्या वेळेपासून तीस मिनिटांत तपासले जाईल. रुग्णाला असा हक्क लिहून देणे, हीच त्या काळी मोठी गोष्ट होती. पण मोजणी वरच्यांना खूश करण्यासाठी होऊ लागली की काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथे माजी सैनिकांच्या रुग्णालयांना चौदा दिवसांत भेट देण्याचे उद्दिष्ट होते, आणि अधिकाऱ्यांची कामगिरी त्यावर जोखली जात होती. 2014 साली अॅरिझोनातल्या फिनिक्स इथले रुग्णालय चव्हाट्यावर आले. तपासनीसांनी 226 माजी सैनिकांचा नमुना काढला, तेव्हा पहिल्या भेटीसाठी सरासरी 115 दिवस थांबावे लागल्याचे दिसले. रुग्णालयाने वर कळवलेला आकडा होता 24 दिवस. सुमारे 1,700 माजी सैनिक तर अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतेच. त्यांनी भेट मागितली होती, पण यादीत नाव चढले नाही, म्हणून हिशेबात ते थांबतही नव्हते. मे अखेरीस खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. संगणक होता, माहिती होती, उद्दिष्टही होते. नोंद करणारा आणि नोंदीवरून जोखला जाणारा एकच असला की आकडे कसे वागतात, एवढे त्यातून कळले.

त्याच देशात त्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी मार्क मरे या डॉक्टरांनी अगदी उलट काम करून दाखवले होते, आणि त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कायझर परमनंटे या आरोग्य संस्थेच्या प्राथमिक उपचार विभागात भेटीसाठी 55 दिवसांची प्रतीक्षा होती. मरे यांनी रोज किती जण भेट मागतात आणि रोज किती जणांना तपासणे शक्य आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही जवळपास सारखे निघाले. म्हणजे डॉक्टर कमी नव्हते. जुनी थकबाकी तेवढी पुढे ढकलली जात होती. आज मागितलेली भेट 55 दिवसांनी मिळते, मधल्या काळात माणूस बरा होतो किंवा दुसरीकडे जातो, भेट चुकते, ती जागा रिकामी जाते, आणि यादी तेवढीच राहते. काही महिने जास्तीचे काम करून त्यांनी थकबाकी संपवली आणि आजच्या मागणीला आजच वेळ द्यायला सुरुवात केली. वर्षाच्या आत प्रतीक्षा एका दिवसावर आली. यात कुठल्याही रुग्णाच्या आजाराची, उत्पन्नाची, स्वभावाची चौकशी नव्हती. रुग्णालयाने स्वतःचेच काम मोजले होते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भर मात्र न येणाऱ्या रुग्णावर आहे. लंडनच्या बार्ट्स रुग्णालयसमूहात मोबाइलवर जाणाऱ्या आठवणीच्या संदेशाची शब्दरचना बदलून पाहिली. भेट चुकली तर आरोग्य सेवेचे सुमारे 160 पौंड वाया जातात, एवढे एक वाक्य घातल्यावर गैरहजेरी 11.1 टक्क्यांवरून 8.4 टक्क्यांवर आली. 2015 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला आवडतो, कारण त्यात कुणावर शिक्का मारलेला नाही. सगळ्यांना एकच माहिती दिली आहे. त्यानंतर यंत्रशिक्षण आले. कोण येणार नाही, याचा अंदाज संगणक आता मागच्या नोंदींवरून बऱ्यापैकी बांधतो. पुढे त्या अंदाजाचे काय करायचे, हे माणसे ठरवतात. सगळा प्रश्न तिथे आहे.

एक रस्ता विमान कंपन्यांचा. ज्याच्या न येण्याची शक्यता जास्त, त्याच्या वेळेवर आणखी एकाला बोलावून ठेवायचे. अमेरिकेतल्या सांता क्लारा विद्यापीठातले मिकेले सामोरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रस्त्याचा शेवट कुठे होतो ते तपासले. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांना कामावरून सुटी मिळत नाही, त्यांच्या भेटी जास्त चुकतात, आणि त्या देशात अशांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. संगणकाने त्यांना धोक्याचे ठरवले, एकाच वेळी दोघांना बोलावले, दोघेही आले, आणि दोघेही ताटकळले. कृष्णवर्णीय रुग्णांना इतरांपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त थांबावे लागते, असे त्यांच्या अभ्यासात निघाले. वंशाचा रकाना प्रणालीत भरला नव्हता, तरीही. आधीच जास्त सोसणाऱ्याला आणखी थांबायला लावण्याचे काम माहितीने केले, आणि ते करणाऱ्या कुणाच्याही मनात पाप नव्हते.

दुसरा रस्ता इंग्लंडमध्ये मिड अँड साउथ एसेक्सच्या रुग्णालयांनी धरला. तिथेही संगणकच सांगतो की अमुक रुग्ण बहुधा येणार नाही. त्यावरून राखीव रुग्ण ठेवले जातातच. पण ज्याला दिवसा कामावरून निघता येत नाही, त्याला संध्याकाळची किंवा शनिवार-रविवारची वेळही दिली जाते. सहा महिन्यांच्या चाचणीत गैरहजेरी जवळपास 30 टक्क्यांनी घटल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. अंदाज तोच, पण इथे त्याचा अर्थ ‘हा बेभरवशाचा’ असा न घेता ‘याची काहीतरी अडचण आहे’ असा घेतला. आपल्याकडे ही प्रणाली येईल तेव्हा ती या दोनपैकी कुठल्या अर्थाने चालवायची, हे सुरुवातीलाच ठरवावे लागेल. जव्हार-मोखाड्याहून येणाऱ्या बाईची एसटी चुकली म्हणून तिच्या नावापुढे कायमची खूण बसता कामा नये.

वेळ आणि माहिती यांची गाठ चुकीची बसली की काय होते, हे आपण सर्वांनी 2021 च्या मे महिन्यात भोगले आहे. 18 ते 44 वयोगटाला कोविडची लस घ्यायची तर कोविन पोर्टलवर आधी नोंदणी आणि मग स्लॉट, दुसरा मार्गच ठेवला नव्हता. स्लॉट खुले व्हायचे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपायचे. ज्यांच्याकडे लॅपटॉप, वेगवान इंटरनेट आणि सूचना देणारे टेलिग्राम ग्रुप होते, त्यांनी मुंबई-पुण्याहून गाड्या काढल्या आणि लांबच्या ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेतली. त्या गावातला माणूस केंद्राच्या दारात उभा होता आणि त्याचे नाव यादीत नव्हते. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 24 मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, मग कुठे गोष्टी मार्गी लागल्या. व्यवस्था आखणाऱ्यांनी मोबाइल क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मवर्ष सगळे गोळा केले होते. स्लॉट कुणाला मिळत नाही, हे तेवढे पाहिले नव्हते.

म्हणूनच आयुष्मान भारत डिजिटल मिशनकडे मी आशेने आणि तितक्याच सावधपणे पाहतो. 2021 च्या सप्टेंबरात ते देशभर सुरू झाले. प्रत्येकाच्या आरोग्य खात्याचा चौदा अंकी आभा क्रमांक आला. 2022 च्या ऑक्टोबरपासून रुग्णालयाच्या दारातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून नंबर घ्यायची सोय झाली. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग त्यामुळे खरोखर ओसरते, यात शंका नाही. ज्याने पहाटे पाचपासून त्या खिडकीपुढे चपला ठेवून जागा धरली आहे, त्याला विचारा याचे महत्त्व. पण खिडकीवर वाचलेला तास डॉक्टरांच्या दाराबाहेर खर्च होत असेल तर रांगेने फक्त मजला बदलला. टोकन सकाळी पावणेनऊला मिळाले, याची नोंद प्रणालीत आहे. आत कधी बोलावले, हे अनेकदा नाही. नोंद अर्धीच झाली, आणि ती रुग्णाच्या बाजूची.

माहिती किती घ्यायची, याचे उत्तरही याच इतिहासात आहे. इंग्लंडने ‘केअर डॉट डेटा’ नावाने सगळ्या देशाच्या दवाखान्यांतली माहिती एकत्र आणायचे ठरवले. लोकांना नीट विचारले नाही, माहिती कुणाला दिली जाणार ते स्पष्ट सांगितले नाही, आणि 2016 साली सगळा प्रकल्प गुंडाळावा लागला. आपल्याकडे 2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या एका अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर कारभार करावा लागला. 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे चांगलेच. पण भेटीच्या वेळा सुधारायला एचआयव्हीचा अहवाल लागत नाही, मानसोपचाराची टिपणे लागत नाहीत, जात तर नाहीच नाही. बेली यांच्यासारखी मोजकीच माहिती लागते: रुग्ण कधी आला, कधी आत गेला, कधी बाहेर पडला, नवा की जुना, आणि डॉक्टर कधी बसले. जो कुणी याहून जास्त मागेल, त्याला कशासाठी ते विचारलेच पाहिजे.

गरीब देशात, ठरलेल्या वेळा न देताही हे साधते, याचा दाखला मदुराईत आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 1976 साली अकरा खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय आज जगातल्या सर्वात मोठ्या नेत्रसेवांपैकी एक आहे. तिथे बहुतेक रुग्ण वेळ न घेताच येतात. कुठल्या दिवशी साधारण किती येतील, याचा अंदाज मागच्या वर्षांच्या आकड्यांवरून बांधला जातो आणि त्याप्रमाणे माणसे नेमली जातात. रुग्णाने वेळ पाळावी यापेक्षा त्याच्या येण्याची वेळ रुग्णालयाने ओळखावी, हा त्यातला विचार आपल्या जिल्हा रुग्णालयांना जास्त मानवणारा आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी होते, पेरणीच्या आठवड्यात ओपीडी ओस पडते, हे प्रत्येक तालुक्याच्या सिस्टरला तोंडपाठ असते. ते फक्त कुणी लिहून घेतलेले नाही.

याने सगळे सुटेल असा दावा मी करणार नाही. भारतात प्राथमिक उपचारातली सरासरी तपासणी दोन मिनिटांच्या आसपास उरकते, असे 2017 च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आढाव्यात दिसले. स्वीडनमध्ये तीच साडेबावीस मिनिटे चालते. दोन मिनिटांच्या तपासणीचे कितीही सुबक वेळापत्रक केले तरी ती दोनच मिनिटे राहणार. रिकाम्या पदांवर डॉक्टर नेमावे लागतील, आणि ते काम कुठलीही संगणक प्रणाली करणार नाही. पण किती डॉक्टर कमी पडतात हेही आज आपण अंदाजाने सांगतो. रांगेचा रोजचा हिशेब असेल तर आरोग्य खात्याला अर्थ खात्याकडे हात हलवत जावे लागणार नाही.

म्हणून रुग्णालयांच्या संगणक प्रणालीची पुढची निविदा निघेल, तेव्हा तिच्या अटींत पाच रकाने सक्तीचे असावेत: ओपीडी सुरू होण्याची जाहीर वेळ, पहिला रुग्ण आत घेतल्याची वेळ, मधला रुग्ण किती थांबला, सर्वात जास्त थांबलेला रुग्ण किती थांबला, आणि न तपासता परत गेलेले किती. कोण जास्त थांबते हे गाव, वय आणि बाई-पुरुष यांप्रमाणे दर महिन्याला तपासले जावे, आणि ती तपासणी रुग्णालयाबाहेरच्या माणसाने करावी. फिनिक्स झाल्यावर ही अट ऐच्छिक ठेवता येत नाही. आणि त्या पाच आकड्यांचा कागद रोज संध्याकाळी ओपीडीच्या दाराला लावावा, मोठ्या अक्षरांत, मराठीत.